प्रमेय पाठ करण्याआधी त्रिकोण काढून बघ

प्रमेयं घोकायची घाई करू नकोस. आधी कंपास आणि पट्टी हातात घे.

तीन कोनांची बेरीज १८०° का? शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढ. खालचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे, समांतर रेषांमधले समान कोन) म्हणून वर येतात आणि तिघे मिळून सरळ रेषा भरते. दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय (बाह्यकोन हा त्याच्या दूरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो) यातूनच निघतं.

खरी गफलत एकरूपतेत, म्हणजे दोन त्रिकोण तंतोतंत जुळतात हे दाखवताना होते. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी चालते, मग बाबाको (बाजू-बाजू-कोन) का नाही? रेख अब ८ सेमी काढ, 'अ'पाशी ३०° चा किरण काढ आणि 'ब'वर कंपासचं टोक ठेवून ५ सेमीचा कंस मार. तो किरणाला दोनदा छेदतो, 'अ'पासून साधारण ३.९ आणि ९.९ सेमीवर. त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण! म्हणून कोन दोन बाजूंच्या मधलाच हवा. काटकोन असेल तर मात्र हा घोळ होत नाही, म्हणूनच काटकोन त्रिकोणांत कर्ण आणि एक भुजा समान असली की पुरे, ही कर्णभुजा कसोटी चालते.

सिद्धता लिहिताना प्रत्येक ओळीपुढे कारण दे. 'आकृतीत दिसतं' हे कारण नव्हे. आणि एकरूपता लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम सांभाळ, तिथे हमखास गुण जातात.