वचनाआधी अध्याय, अध्यायाआधी पुस्तक

आपण लिहिले आहे की, रोज मोबाइलवर येणारे बायबलचे वचन आपण वाचता, दर जानेवारीत उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला सुरुवातही करता, परंतु याजक व अर्पणांच्या नियमांचे लेवीय हे तिसरे पुस्तक लागले की वाचन थांबते आणि वाचलेले नीटसे उमगत नाही. नाशिकला शरणपूर भागात भरणाऱ्या आमच्या बायबल अभ्यासात ही तक्रार मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. माझ्या मते दोष आपल्या आकलनाचा नसून मापाचा आहे. एक सुटे वचन हे फार लहान माप आहे, आणि ६६ पुस्तके ओळीने संपवणे हे फार मोठे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन पाहा: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, असे देव त्यात म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून बारावीच्या निकालाच्या शुभेच्छांपर्यंत ते आपल्याकडे सर्वत्र भेटते. मूळ मजकूर मात्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेल्या पत्राचा आहे. त्यात घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा असे आधी सांगितले आहे, आणि दहाव्या वचनात परतीसाठी ७० वर्षांची मुदत आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. एवढे वाचल्यावर वचनातील आशा उणावत नाही, पण नोकरीच्या मुलाखतीचे भाकीत म्हणून ते वापरता येत नाही.

सुरुवात मार्कापासून, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान पुस्तकापासून, करावी. सोळाच अध्याय आहेत. रविवारी दुपारी सलग बसल्यास एका बैठकीत होतात. नंतर लूक हे दुसरे शुभवर्तमान घ्यावे, आणि पंधराव्या अध्यायाशी जरा रेंगाळावे. वाटा उधळून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची, म्हणजे उधळ्या पुत्राची, गोष्ट आपण लहानपणापासून एकटीच ऐकतो. परंतु अध्यायाची पहिली दोन वचने वाचली की, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी व शास्त्री हे त्या काळचे धर्मपुढारी कुरकुर करीत आहेत आणि या गोष्टी त्यांना उद्देशून सांगितल्या आहेत, हे ध्यानात येते. मग भावाचे स्वागत पाहून बाहेर रुसून उभा राहिलेला थोरला मुलगा केवळ शेपटासारखा जोडलेला वाटत नाही. तो शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे आणि नव्या करारातील वचनांचे आजचे आकडे १५५१ सालचे. ठळक मथळे तर प्रकाशकांचे. त्यामुळे मथळा आला म्हणून थांबू नये.

लेवीय तूर्त राहू द्यावे; नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ वाचल्यावर त्यातील याजक व अर्पणे कशासाठी आहेत, हे पाहायला परत जावे. भाष्यग्रंथ मात्र शेवटी उघडावेत. आधी वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: कोण बोलतो, कोणाला, आणि लगेच आधी काय घडले. ज्याचे उत्तर मजकुरात सापडले नाही, तेवढेच वचनाच्या क्रमांकासह पाळकांना विचारावे.