पोटॅशियम नायट्राइट नेमकं कशासाठी वापरतात आणि ते शरीराला घातक आहे का?

मुख्य वापर मांस टिकवण्यासाठी (खाद्य-क्रमांक ई २४९), आणि हो, प्रमाण चुकलं तर ते विषारी आहे. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची वाढ ते रोखतं. शिवाय त्यातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटतो, म्हणून हॅम (डुकराचं टिकवलेलं मांस) शिजवल्यावरही गुलाबी राहतं. साधं मांस करडं-तपकिरी होतं.

रक्तात मात्र हेच नायट्राइट हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडीकरण करून मेटहिमोग्लोबिन बनवतं. ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, त्यामुळे ओठ-नखं निळसर पडतात आणि रक्त चॉकलेटी दिसतं. उपचारात मिथिलीन ब्ल्यू हे निळ्या रंगाचं औषध देतात. रक्तवाहिन्याही सैलावतात, रक्तदाब घसरतो. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकात नायट्राइटं छातीच्या कळेवर औषध म्हणून दिली जात.

प्रयोगशाळेतला माझा आवडता उपयोग: ॲसिटिक आम्ल घातलेल्या कोबाल्ट क्षाराच्या द्रावणात पोटॅशियम नायट्राइट टाकलं की पिवळाधमक साका बसतो, म्हणजे कोबाल्ट आहे. निकेल असं करत नाही.

एक सांभाळा: नायट्रेट म्हणजे सोरा, तो वेगळा. इंग्रजी नावात एका अक्षराचा फरक, पण नायट्राइट कितीतरी जास्त विषारी.