जुनी मराठी कविता वाचून समजत नाही; आधी ऐकावी की अर्थ पाहावा?

आधी ऐका, अर्थ नंतर पाहा. यातली बरीच कविता वृत्तात, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या साच्यात बांधलेली आहे, आणि आपण ती मनात गद्यासारखी वाचतो तिथेच गाडी अडते. रोजच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, वृत्तात तो पूर्ण उच्चारावा लागतो. ‘मनाचे श्लोक’ घ्या. वृत्त भुजंगप्रयात, ओळीत 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु (लघु म्हणजे आखूड, गुरु म्हणजे लांब उच्चाराचं अक्षर) असे चार गट: नमूं शा / रदा मू / ळ चत्वा / र वाचा. ‘मूळ्’, ‘चत्वार्’ असं बोलीतल्यासारखं म्हटलं की दोन अक्षरं गळतात आणि ओळ लंगडते. पुढच्याच ओळीत ‘अनंत’चं ‘आनंत’ झालंय तेही वृत्तासाठीच (छापण्याची चूक नव्हे!), आणि कानाला ते सहज पटतं.

एका वेळी चारच ओळी घ्या.

- पहिल्यांदा पुस्तक मिटून ऐका.
- दुसऱ्यांदा ओळीवर बोट ठेवून ऐका. अडलेल्या शब्दाखाली फक्त रेघ मारा, थांबू नका.
- मग त्या शब्दांचे अर्थ पाहा आणि वाचणाऱ्याबरोबर मोठ्याने म्हणा.

ध्वनिमुद्रण मात्र वाचनाचं निवडा, गायनाचं नको. चालीत अक्षरं ताणली जातात, वाक्य कुठे संपलं ते कळत नाही. आणि ओवीत लघु-गुरूचा असा साचा शोधू नका. तिथे पहिल्या तीन चरणांच्या शेवटचं यमक आणि आखूड चौथा चरण ऐकायचा.