नाव मॅरियटचं, पैसा लेकीच्या फीचा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. तिच्या फीसाठी ठेवलेले 40,000 डॉलर बचत खात्यात पडून आहेत. ते होस्ट हॉटेल्सच्या शेअर्समध्ये टाकले तर वर्षाला 2,000च्या आसपास लाभांश सुटेल, असा माझा हिशोब आहे. होस्ट ही रीट, म्हणजे इमारतींची मालकी ठेवून त्यांचं उत्पन्न भागधारकांना वाटणारी कंपनी. रीटला 90 टक्के नफा वाटावाच लागतो आणि मॅरियटसारखं नाव पाठीशी आहे. घेऊ का?

उत्तर: या पैशातून नको. कंपनी वाईट आहे म्हणून नव्हे. ती कशी जन्मली आणि वाईट वर्षांत काय करत आली, ते बघितलंत तर तुमच्या हिशोबातली दोन्ही गृहीतकं डळमळतात.

आधी नावाचं बघू. 1980च्या दशकात मॅरियट धडाधड हॉटेलं बांधायची, गुंतवणूकदारांच्या भागीदारी संस्थांना विकायची आणि चालवण्याचं कंत्राट मात्र स्वतःकडे ठेवायची. 1986च्या करसुधारणेने त्या गुंतवणूकदारांची करसवलत गेली, पुढे जागांचा बाजारही बसला आणि न विकलेली हॉटेलं कर्जासकट गळ्यात पडली. मग 1993मध्ये कंपनीची वाटणी झाली. हॉटेलं चालवण्याचा धंदा मॅरियट इंटरनॅशनलकडे गेला. इमारती आणि बहुतेक कर्ज होस्ट मॅरियटच्या वाट्याला आलं. ही योजना ऑक्टोबर 1992मध्ये जाहीर झाली तेव्हा कंपनीच्या कर्जरोख्यांचे भाव असे घसरले की रोखेधारक थेट कोर्टात गेले. तुम्ही घ्यायला निघालात ते या वाटणीतलं इमारतींकडचं घर. 1999च्या सुरुवातीला ते रीट झालं, आणि 2006मध्ये स्टारवुड या दुसऱ्या हॉटेल कंपनीची हॉटेलं घेताना नावातून ‘मॅरियट’ही गेलं.

पाटीवर मॅरियट दिसतं, पण मॅरियट तिथे चालवणारा. त्याची मूळ फी एकूण विक्रीवर, साधारण 3 टक्के. हॉटेलला नफा होवो न होवो, ती मिळतेच. पगार, मालमत्ता कर, विमा, दर काही वर्षांनी बदलायचे गालिचे आणि पलंग, हे सगळं मालकाच्या खिशातून. सप्टेंबर 2022च्या इयन वादळानंतर फ्लोरिडातलं नेपल्सचं रिट्झ-कार्लटन (हीसुद्धा मॅरियटचीच पाटी) पुढच्या जुलैपर्यंत बंद होतं. तेही होस्टचंच.

आता 90 टक्क्यांचं. नियम करपात्र उत्पन्नाच्या 90 टक्क्यांचा आहे. उत्पन्नच नसेल तर वाटायचं काय? ऑफिसचा भाडेकरू दहा-दहा वर्षांचा करार करतो. हॉटेलचा भाडेकरू सकाळी अकराला चावी ठेवून निघून जातो, आणि ती खोली संध्याकाळपर्यंत पुन्हा विकावी लागते. त्यामुळे मंदीची झळ इथे सगळ्यात आधी लागते. 11 सप्टेंबर 2001ला वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांमधलं मॅरियट कोसळलं, ते होस्टच्या मालकीचं होतं. पाठोपाठ लोकांचा प्रवास आटला आणि लाभांश थांबला. 2009मध्ये कंपनीने शेअरमागे 25 सेंट लाभांश दिला, पण एकूण रकमेच्या फक्त 10 टक्के रोख, बाकीचे शेअर. (असा शेअरच्या रूपात आलेला लाभांशही कराला धरला जातो. हातात न आलेल्या पैशावर कर भरताना काय वाटतं, ते विचारू नका.) 2020च्या पहिल्या तिमाहीत 20 सेंट दिले आणि मग कोविडमुळे लाभांश बंद. 2022मध्ये पुन्हा सुरू झाला तो 3 सेंटने. 2023च्या अखेरीस परत 20वर आला.

आला, हे कंपनीचं श्रेय आहेच. 2009च्या धड्यानंतर त्यांनी कर्ज आवाक्यात ठेवलं, म्हणून कोविडमध्ये तग धरला. माऊई, ऑर्लँडो, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या त्यांच्या ऐंशीएक मोठ्या हॉटेलांना पर्याय उभा करणंही सोपं नाही. दहा वर्षं हात लावायचा नसेल, तर मी या शेअरला नाही म्हणणार नाही.

पण तुमच्याकडे दोनच वर्षं आहेत. फी भरायच्या ऑगस्टमध्ये नेमकी मंदी आली तर लाभांश बुडेल ते 2,000. त्याचं एवढं नाही. अशा वेळी हॉटेलांचे शेअर निम्म्यावर येऊ शकतात, आणि कॉलेज काही भाव चढेपर्यंत थांबत नाही.

तेव्हा ही रक्कम ट्रेझरी बिलांत, म्हणजे अमेरिकी सरकारच्या जास्तीत जास्त वर्षभराच्या कर्जरोख्यांत ठेवा. मुदत संपली की नवी घ्या, आणि शेवटची बिलं फीच्या तारखांना मुदत संपेल अशी निवडा. त्यांच्या व्याजावर न्यू जर्सीचा आयकर लागत नाही, हा वरचा फायदा. होस्टचा मोह सुटतच नसेल तर निवृत्तीच्या पैशातून पाचएक हजारांचे घ्या, तेही रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या करमुक्त खात्यात. रीटचा बहुतेक लाभांश, 20 टक्के वजावट धरूनही, नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने करात जातो. रॉथमध्ये ती कटकट नाही. आणि घेण्याआधी मुलीच्या कॉलेजचं फीचं वेळापत्रक मला पाठवा. पहिलं ट्रेझरी बिल कोणत्या महिन्याचं घ्यायचं, ते त्यावर ठरवू.