डेक शीटच्या स्लॅबवर भरवसा ठेवावा का?

तुम्ही विचारलंय: गोदामात लोखंडी बीम टाकून एक मजला वाढवायचाय, कंत्राटदार सेंट्रिंगऐवजी डेक शीट (बीमवर अंथरायचा पन्हळी लोखंडी पत्रा) सुचवतोय, पण मिलिमीटरभर पत्र्यावर आणि इतक्या कमी सळईवर स्लॅब टिकेल का?

टिकतो. पुण्याच्या आसपास अशा मजल्यांवर मी साइट इंजिनिअर म्हणून काम केलंय. फक्त पत्रा काय काम करतो हे तुम्ही समजून घ्या, म्हणजे कुठे उभं राहून बघायचं ते कळेल.

काँक्रीट ओलं असेपर्यंत पत्रा हाच साचा. घट्ट झाल्यावर तोच पत्रा स्लॅबची खालची सळई होतो. पण त्यासाठी दोघांनी एकमेकांवरून घसरता कामा नये. नुसता सिमेंटचा चिकटपणा पुरत नाही, तो एकदा सुटला की सुटला. म्हणून डेक शीटच्या पन्हळींच्या उभ्या बाजूंवर ठसे उठवलेले असतात. माल उतरला की आधी ते ठसे बघा. छपराचा पन्हळी पत्रा लांबून तसाच दिसतो, पण तो इथे चालत नाही.

बीमवरचे स्टड ही वेगळी गोष्ट. साधारण १९ मिलिमीटर जाडीचे, डोकं असलेले हे खुंट पत्र्यातून आरपार बीमला वेल्ड करतात. त्यांच्यामुळे बीम आणि स्लॅब एकत्र वाकतात: वरचं काँक्रीट दाब घेतं, खालचं लोखंड ताण घेतं, आणि बीम हलका घेता येतो. ‘स्टड आहेत ना, मग ठसे कशाला’ असं साइटवर ऐकलंय. ते चूक आहे. स्टड स्लॅबला बीमशी बांधतात, ठसे पत्र्याला काँक्रीटशी.

स्टड बसणार तिथे बीमच्या वरच्या पट्टीवर रंग नको आणि पत्र्याखाली पाणी नको, नाहीतर वेल्ड पोकळ राहतो. संशय आला तर हातोड्याने स्टड सुमारे १५ अंश वाकवून बघतात. जोड फुटला नाही तर ठीक, आणि वाकलेला तसाच ठेवायचा, सरळ करायचा नाही.

मला खरी भीती वाटते ती काँक्रीट ओतायच्या दिवसाची. एका साइटवर पंपवाल्याने पाइप एकाच जागी धरला, पत्र्याच्या मधोमध फूटभर ढीग झाला. सव्वाशे मिलिमीटरच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला फार तर ३०० किलो. फूटभर ढिगाचं ७५० च्या आसपास. पत्रा डोळ्यांदेखत खाली बसला. कुणाला लागलं नाही, पण तो सगळा भाग काढावा लागला. तेव्हापासून मी पाइपवाल्याच्या शेजारीच उभा असतो: सुरुवात बीमवरून, ओतलं की लगेच फावड्याने पसरायचं, आणि माणसांनी एका जागी गर्दी करायची नाही.

काँक्रीटमध्ये वरच्या बाजूला सळयांची जाळी असते. ती विटांच्या तुकड्यांवर नको, कव्हर ब्लॉकवरच (जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे) हवी. बीमच्या वर भेगा पडू नयेत म्हणून ती असते, तळाशी पडून राहिली तर उपयोग शून्य.

हा मजला उघडी गच्ची होणार असेल, तर वॉटरप्रूफिंगवर कंजुषी करू नका. साध्या स्लॅबला ओल आली की छताला डाग दिसतो. इथे पाणी पत्र्यावर साचून राहतं, खालून काही कळत नाही, आणि तुमची खालची सळई म्हणजे तो पत्राच असतो.

जुन्या खांबांची आणि पायाची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्याच. आणि बीम ते बीम अंतर मोजून कळवा. ते ३ मीटरच्या पुढे असेल, तर काँक्रीट घट्ट होईपर्यंत मधे टेकू लागतील का, हे शीटच्या कंपनीच्या तक्त्यावरून ऑर्डर द्यायच्या आधीच बघावं लागेल.