डाव्या शिंगाचं लाकूड

"माझ्यामागे याचं कोण करणार?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक सत्तरीपुढचे असतात. कुणाची बंगई, म्हणजे झोपाळा असतो, कुणाचा पाण्याचा पितळी गुंड. नागपूरच्या महाल भागातल्या 78 वर्षांच्या एका काकांचा लाकडी नंदी होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाडा बिल्डरला दिलेला, मुक्काम मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये. मुलगा बंगळुरूला. "बाबा, इथं जागाच नाही," असं त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं. "तेव्हापासून झोप नाही येऊन राहिली, मॅडम."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो. सकाळी मारबती, म्हणजे वाईटाला घालवून देण्यासाठीचे पुतळे, मिरवणुकीनं निघतात आणि संध्याकाळी पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मागतात. काकांचा नंदी सागवानी, त्यांच्या वडिलांनी घेतलेला.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. फोटो काढून ठेवा, एखाद्या शाळेला देऊन टाका, असं मी लगेच सुचवून मोकळी झाले. काकांनी चष्मा पुसला आणि बसची वेळ झाली म्हणत उठले. आले होते स्कूटरनं.

पुढच्या वेळी मी नंदीलाच घेऊन यायला सांगितलं. काकूंच्या जुन्या पातळात गुंडाळून ऑटोतून आणला. जमिनीवर ठेवला तेव्हा दिसलं, डावं शिंग वेगळ्याच लाकडाचं. जाडसर, थोडं वाकडं, रंगानंही फिकं.

"हे असं काहून?"

"माझ्या हातून पडला होता जी. सात-आठ वर्षांचा असीन. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या रात्री." काका थांबले. "बाबा मारतील म्हणून आजीजवळ जाऊन झोपलो. सकाळी पाहतो तं शिंग बसलेलं. बाबा काही सुतार नव्हते, कारकून होते. बाभळीचं लाकूड कोरलं होतं रात्रभर. बोटाला चिंधी बांधलेली. बोलले काहीच नाही. कधीच नाही."

"मुलाला माहीत आहे हे?"

"त्यात काय सांगाचं?"

मुलाला त्यांनी एवढंच विचारलं होतं, "नेशील का?" त्याच्या कानी पडलं ते जागा, धूळ, वाळवी. त्यानं नाही म्हटलं ते या सगळ्याला. काकांना मात्र वाटलं, बापालाच नाही म्हटलं. मी म्हटलं, नेण्याचं राहू द्या, आधी शिंगाचं सांगा.

मृत्युपत्रात लिहू का, हेही त्यांनी विचारलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे साध्या कागदावरही मृत्युपत्र चालतं. किमान 2 साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. घर आणि ठेवींसाठी ते जरूर करा, म्हटलं. पण कागदाच्या जोरावर नंदी पोचेल तो फार तर माळ्यावर.

मग सहज विचारलं, याला तेल कोण लावतं?

"मुलगी. प्रतापनगरात राहते ना, पोळ्याच्या आधी येते दरवर्षी."

"तिला विचारलं, नेतेस का म्हणून?"

काका माझ्याकडे नुसतेच बघत राहिले. त्यांच्या वाड्यात पोरींनी कधी दोरी धरलेली नव्हती.

महिनाभरानं आले. मुलाला फोनवर शिंगाची गोष्ट सांगितली होती. "मला वाटायचं, तो बनवलाच तसा," एवढं म्हणून तो बराच वेळ गप्प होता. नेतो, असं काही म्हणाला नाही. मुलगी मात्र भांडली. "इतकी वर्षं मी त्याच शिंगाला तेल चोळते आहे, मला कधी सांगितलं नाही ते?"

झोपेचं विचारायचं राहूनच गेलं, कारण काकांना घाई होती. नंदीचं मागचं चाक करकरत होतं, तान्हा पोळा पंधरा दिवसांवर आलेला, आणि मुलीच्या मुलीला या वर्षी दोरी धरायची होती. एखादा चांगला सुतार आहे का ओळखीचा, म्हणाले. माझ्या ओळखीत नव्हता.