‘कॉम्प्लेक्स पॉझिटिव्ह’ आलं, मग जंतू नेमका कोणता?

प्रश्न : आमची एक गाय खंगत जाऊन दगावली. शवविच्छेदनात फुप्फुसाजवळच्या ग्रंथीत पिवळट गाठी निघाल्या. पीसीआरच्या अहवालात ‘मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस कॉम्प्लेक्स पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलंय. धारा काढणाऱ्या आमच्या गड्याला क्षयाची औषधं चालू आहेत. गाईपासून त्याला झाला, की त्याच्यापासून गाईला?
– एक दूध उत्पादक

उत्तर : या अहवालाने एक शंका मिटवली. ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे क्षयाच्या, एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या जंतूंचा गट. गाईला क्षयच होता; जोन्स रोगाचे (गुरांच्या आतड्यांच्या रोगाचे) किंवा पक्ष्यांच्या क्षयाचे जंतू या गटात मोडत नाहीत. मानेवर टोचायच्या ट्युबरक्युलिन (जंतूंपासून काढलेल्या प्रथिनांच्या) चाचणीत हेच जंतू गोंधळ घालतात, म्हणून तिथे गाईचं आणि पक्ष्यांचं अशी दोन ट्युबरक्युलिन शेजारी टोचून 72 तासांनी कातडीची जाडी मोजावी लागते.

पण तुमचा खरा प्रश्न तसाच राहिला. बऱ्याच प्रयोगशाळा आयएस 6110 नावाचा डीएनएचा तुकडा शोधतात. तो माणसाच्या क्षयजंतूतही (ट्युबरक्युलोसिस) असतो आणि गुरांच्या क्षयजंतूत, म्हणजे बोविसमध्येही. या गटातल्या जंतूंचा डीएनए 99.9 टक्क्यांहून अधिक सारखा आहे, त्यामुळे कुणात काय गळालंय यावरून त्यांना ओळखावं लागतं.

डीएनएच्या अशा, काही जंतूंत असणाऱ्या आणि काहींतून गळालेल्या भागांना आरडी म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत मी आधी आरडी 9 बघते. हा भाग माणसाच्या ट्युबरक्युलोसिस जंतूत शाबूत असतो, बोविसमध्ये नसतो. मग आरडी 4. बोविसमधून सुमारे 12,700 अक्षरांचा हा पट्टा गळालेला आहे. पीसीआरमध्ये हवा तो भाग गाठणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, असे निवडलेले असतात की भाग असला तर एका लांबीचा तुकडा तयार होतो, नसला तर दुसऱ्या लांबीचा. हे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अतिनील प्रकाश टाकला की पट्टी कुठल्या उंचीवर थांबली ते दिसतं. दोन्ही भाग गळालेले असले तर बोविस म्हणायचं. बीसीजी लशीचा जंतूही या दोन कसोट्यांत बोविससारखाच दिसतो. त्याला वेगळं काढायला आरडी 1 बघतात, बीसीजीत तोही नसतो.

फक्त आरडी 4 बघून थांबणं मला पटत नाही. दक्षिण आशियात गुरांमध्ये आणि माणसांतही सापडलेला मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा जंतू आरडी 4 बाळगून असतो, आरडी 9 मात्र त्यात नसतो. एकाच कसोटीवर विसंबलं तर तो माणसाचा जंतू म्हणून नोंदला जाईल आणि गोठ्यातल्या बाकीच्या गुरांकडे कुणी बघणारही नाही.

आता तुमच्या गड्याबद्दल, आणि हे मला सगळ्यात तातडीचं वाटतं. पीएनसीए जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे बोविसवर पायराझिनामाइड चालत नाही, आणि क्षयाच्या नेहमीच्या उपचारात सुरुवातीला हेच औषध असतं. माणसांच्या थुंकीत क्षयाचा डीएनए शोधणारं जीनएक्स्पर्ट यंत्रही गटच सांगतं, प्रजाती नाही. तेव्हा गोठ्यात क्षय निघाल्याचं त्याच्या डॉक्टरांना आजच सांगा आणि त्याच्या थुंकीचं कल्चर करून (त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून) प्रजाती ओळखायला सांगा. बाकीच्या गाई तपासून होईपर्यंत दूध उकळल्याशिवाय कुणाच्याही पोटात जाऊ देऊ नका.

कुणाकडून कुणाला हे प्रजाती कळल्यावरच बोलता येईल. गाईत ट्युबरक्युलोसिस निघाला तर संसर्ग माणसाकडून आला असण्याची शक्यता जास्त. दोघांतही बोविस निघाला तर स्पोलिगोटायपिंग ही डीएनएच्या खुणा तपासणारी चाचणी करतात. त्यात 43 खुणांचा नमुना मिळतो आणि बोविसमध्ये शेवटच्या पाच खुणा नसतात. दोघांचे नमुने वेगळे आले तर संबंध नाही. सारखे आले तरी तेवढ्यावर ठरवता येत नाही. जवळचं नातं बघायला संपूर्ण जीनोम वाचावा लागतो, आणि आधी आजारी कोण पडलं हे तुमच्या नोंदीच सांगतील.

प्रयोगशाळेत त्या ग्रंथीचा तुकडा गोठवून ठेवला असेल तर आजच फोन करून तो टाकू नका म्हणून सांगा. पुढे कधी अशी ग्रंथी सापडली, कापताना सुरी करकरली, तर पशुवैद्यकांना तिचे दोन भाग करायला सांगा. एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरा कोरड्या निर्जंतुक डबीत, बर्फावर. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. गाईच्या गाठीत जंतू पुष्कळदा थोडेच असतात, म्हणून थेट पीसीआर निगेटिव्ह आली तरी कल्चर करायला लावा. सोबतच्या चिठ्ठीवर ‘गाईचा नमुना, पायरुव्हेट असलेलं माध्यमही वापरावं’ असं लिहा. नुसत्या ग्लिसरॉलच्या माध्यमावर बोविस नीट वाढत नाही, आणि योग्य माध्यमावरही त्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात.